शिदोरी खाणारं रक्त

बकाराम, आज तुझा दहावा. भागरता वहिनी आणि तुमचे केशोरीचे भाऊबंद तलावावर गेलेत आणि मी दवाखान्यात तुझ्या स्टुलावर बसून हे लिहितो आहे. स्टूल अजून डुगडुगतं. त्याच्या एका पायाखाली लाकडाची चकती लाव म्हणून मी तुला बारा वर्षं सांगत होतो. तू कधी लावली नाहीस आणि आता मलाही लावावीशी वाटत नाही.

सकाळच्या टपालात नागपूरच्या प्रयोगशाळेची चिठ्ठी आली. तुझ्या रक्ताची. माणूस गेल्यावर त्याच्या रक्ताचा निकाल हातात पडावा, हे आपल्या कामात नवीन नाही. अशा चिठ्ठ्या आपण दोघांनी मिळून फोडल्या आहेत आणि कपाटात ठेवल्या आहेत. पण ही फोडली आणि कपाटात ठेवता आली नाही. अजून ती टेबलावर तशीच आहे, तुझ्या खलाखाली दाबून ठेवलेली.

तू कुठे जन्मलास, कितवीपर्यंत शिकलास, हे सांगायला गावात पुष्कळ माणसं आहेत. मला तुझ्याशी आपल्या अर्ध्यावर राहिलेल्या भांडणाबद्दल बोलायचं आहे. भांडण होतं दोन नळ्यांचं. एकाच दंडातलं रक्त एकाच वेळी दोन काचेच्या नळ्यांत भरून नागपूरला पाठवलं, तर तिथून साखरेचे दोन वेगळे आकडे का येतात आणि त्यातला खरा कुठला? तू म्हणायचास, पांढऱ्या चूर्णाची नळी खरी. मी म्हणायचो, साधी. बकाराम, तू बरोबर होतास. आणि ते रक्त तुझंच असल्यामुळे, तू बरोबर असणं म्हणजेच तू आजारी असणं होतं. एवढं कळायला मला दोन वर्षं लागली. डॉक्टर मी होतो.

मी नवेगावला आलो तेव्हा इथून नागपूरला रक्त पाठवणं म्हणजे एक तमाशाच होता. लाकडी पेटी, तिच्यात कापूस, कापसात नळ्या, आणि ती पेटी बैलगाडीत घालून स्टेशनपर्यंत. तिथून छोट्या गाडीनं गोंदिया, गोंदियाहून मोठ्या गाडीनं नागपूर. नळ्या धडधाकट पोहोचायच्या, पण उत्तर ठरलेलं असायचं, की रक्त वाटेत फुटलं आहे, वरचं पाणी लाल झालं आहे, तपासता येत नाही, पुन्हा पाठवा. मी आधी गाडीवानाला बोललो, मग रस्त्याला, मग नागपूरवाल्यांना. तुलाही बोललो असेन. तू औषधाच्या पुड्या बांधत होतास. हात न थांबवता तू म्हणालास, "गाडीत रगताले हादरे बसतेत, सायेब. झोपलेल्या लेकराले कोनी असं नेते काय? मी पायी नेतो."

दुसऱ्या दिवशी तू घरून सुक्या भोपळ्याचा एक तुंबा घेऊन आलास, रानात जाणारी माणसं पाण्याला नेतात तसला. त्याचं तोंड कापून मोठं केलं होतंस आणि आत धानाचं ओलं तूस दाबून भरलं होतंस. त्यात नळ्या उभ्या रोवल्यास, वर ओलं फडकं बांधलंस आणि तुंबा गळ्यात अडकवून छातीशी धरलास. दुसऱ्या खांद्याला आणखी एक तुंबा, तुझ्या पिण्याच्या पाण्याचा. मी हसलो. म्हटलं, बाळंतीण निघाली माहेरी. तुझ्या नाकाला मिरच्या झोंबतील असं वाटलं होतं. तू नुसता तुंबा नीट केलास आणि पायरी उतरलास.

त्या नळ्यांचं रक्त फुटलं नाही. मी म्हणालो, योगायोग. पुढच्या खेपेलाही फुटलं नाही, तेव्हा म्हणालो, हवा थंड होती. तिसऱ्या खेपेनंतर मी हात टेकले आणि गाडीवानाला सांगितलं की रक्तासाठी आता यायचं नाही. तू त्यावर एक शब्द बोलला नाहीस. बोलला असतास तर बरं झालं असतं. तुझं ते न बोलणं मला आठवडाभर टोचत राहिलं.

हिवाळ्यात तू निघायचास तेव्हा उजाडत असायचं. तलावावर धुकं बसलेलं असायचं, पलीकडच्या टेकड्या नसल्यासारख्या असायच्या आणि परदेशी बदकं कुठेतरी आत, न दिसणाऱ्या पाण्यावर बोलत असायची. मी व्हरांड्यात चहाचा कप घेऊन उभा राहायचो. बांधावर चढलास की आधी तुझे पाय धुक्यात जायचे, मग कंबर. थोडा वेळ नुसता छातीवरचा तुंबा आणि वरचा पांढरा फेटा दिसायचा, मग तेही नाही. पण तू गेल्यावरसुद्धा बराच वेळ मला वाटायचं की तू अजून तिथेच आहेस, चालतो आहेस, धुक्यानं तुला नुसतं झाकून ठेवलं आहे. या दहा दिवसांत मला रोज सकाळी तसंच वाटतं. बांधाकडे बघत बसलो की चहा थंड होतो.

मी तुला किती वेळा सांगितलं की शिरेतून निघालेलं रक्त म्हणजे द्रव. त्याला झोप नाही, जाग नाही, भीती नाही. तू ऐकून घ्यायचास आणि तुंब्यावर फडकं बांधताना दोन बोटांनी हळूच थोपटायचास. मी बघतो आहे हे लक्षात आलं की जास्तच थोपटायचास.

मग त्या चूर्णाच्या नळ्या आल्या. लढाईची वर्षं होती, कापूस मिळायचा नाही, क्विनाइन मोजून मिळायचं, आणि कसं कोण जाणे नागपूरच्या प्रयोगशाळेनं आपल्याला एक खोकाभर नव्या नळ्या पाठवल्या. साखर तपासायची असेल तर रक्त यातच भरा, असं सोबत लिहिलं होतं. मी दुपारी खोकं उघडलं, कागद वाचला, नळ्या तुझ्या टेबलावर ठेवल्या आणि अर्जुनीकडे रोगी पाहायला निघून गेलो. संध्याकाळी परत आलो तर सगळ्या नळ्या फडक्यावर उपड्या, लखलखीत. तू राख आणि चिंच लावून एकेक नळी आतून घासली होतीस. "नळ्यायले बुडाशी चुना लागला होता, सायेब," तू म्हणालास. "नागपूरवाले धुतच नाहीत वाटते."

बुडाशी चिकटलेलं ते पांढरं चूर्ण हेच त्या नळ्यांचं सारं मोल होतं. मी डोकं धरून बसलो. मग हसू आलं. मग तूही हसलास, आणि कशाला हसतो आहोत हे तुला माझ्यानंतर कळलं.

दुसरं खोकं मागवलं, तेव्हा मी तुला समोर बसवून समजावलं. रक्तात बारीक कण असतात. ते बाहेर काढल्यावरही जिवंत राहतात आणि रक्तातली साखर खात राहतात. इथून नागपूर म्हणजे दीड दिवस, कधी दोन. पोहोचेपर्यंत साध्या नळीतली साखर पुष्कळ संपलेली असते. चूर्ण घातलं की त्या कणांचं खाणं बंद पडतं. तू पाय पसरून, भिंतीला टेकून ऐकत होतास. मग तुझ्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी विसरणार नाही. इतक्या वर्षांच्या वादात पहिल्यांदाच माझ्याच तोंडून तुझी बाजू निघाली होती. "म्हंजे रगत वाटेनं शिदोरी खाते," तू म्हणालास. "आन चुना त्याचं तोंड बांधते." मी म्हटलं, हो, तसंच म्हण. त्यानंतर आपण त्या नळ्यांना चुन्याच्या नळ्याच म्हणू लागलो, आणि मी नागपूरला लिहिलेल्या एका पत्रातसुद्धा चुकून चुन्याची नळी असंच लिहून गेलो.

इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण मला लेख लिहायचा होता. तुला माहीत आहे, माझ्याबरोबर शिकलेले लोक नागपुरात, मुंबईत मोठे झाले होते आणि मी इथे तलावाकाठी खरूज आणि हिवताप पाहत होतो. वाटलं, आडगावातून पाठवलेलं रक्त कुठल्या नळीत किती टिकतं, यावर कोणी लिहिलेलं नसेल. आपण लिहू. त्यासाठी निरोगी माणसाचं रक्त हवं होतं, दर आठवड्याला, एकाच दंडातून, दोन्ही नळ्यांत. निरोगी माणूस शोधायला मला व्हरांड्यापर्यंतही जावं लागलं नाही. तू समोर उभा होतास, आठवड्यातून दोनदा पाच कोस जाऊन-येऊन चालणारा, दहा वर्षांत एकदाही ताप न आलेला. मी म्हटलं, बकाराम, बाही वर कर. तू केलीस.

साध्या नळीवर मी अ लिहायचो आणि चुन्याच्या नळीवर ब. नाव लिहायची गरज वाटली नाही. तुझं रक्त तुझ्याच तुंब्यात बसून तुझ्याच छातीवरून स्टेशनला जायचं आणि तुला त्याची मोठी गंमत वाटायची. अर्धा मी इथं आन अर्धा मी तिथं, असं तू वहिनींना सांगायचास, आणि त्या म्हणायच्या की घरात तर पावही नसतो.

पहिली चिठ्ठी आली. अ मध्ये साखर अगदी निरोगी माणसाला शोभेल इतकी. ब मध्ये तिच्या दुपटीच्या पुढे. पुढच्या आठवड्यातही तसंच, त्याच्या पुढच्याही. मी ते आकडे घेऊन बसलो आणि माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती, की बकाराम निरोगी आहे. त्यावरून पुढचं सगळं आपोआप लागत गेलं. बकाराम निरोगी आहे, म्हणून निरोगी आकडा खरा. म्हणून साधी नळी खरी. म्हणून त्या चूर्णातच काहीतरी खोट आहे, ते आकडा फुगवतं. शिदोरीची सगळी गोष्ट मीच तुला सांगितली होती आणि मीच ती गुंडाळून ठेवली. मला आनंदही झाला, हे आता तुझ्यापासून कशाला लपवू. प्रयोगशाळेच्या नळीत खोट काढणारा आडगावचा डॉक्टर, हा लेख नुसत्या टिकाऊपणाच्या लेखापेक्षा मोठा झाला असता.

तुला ते पटलं नाही. तू मला अडवलंस. त्या दिवशी मागच्या खोलीत तू नळ्या उकळत होतास आणि मी तुला माझा शोध सांगत होतो. "तोंड बांधल्यावर शिदोरी जेवढी नेली तेवढीच भेटन ना, सायेब," तू म्हणालास. "चुन्यानं वाढन कशी? चुन्याचीच नळी खरी."

मी चिडलो. म्हटलं, चुन्याची खरी मानली तर तुला साखरेचा रोग आहे असं होईल, आणि तुला तो नाही हे मला दिसतं आहे. तू चिमट्यानं एक नळी पाण्याबाहेर काढलीस, उजेडात धरलीस. "मले रोग आहे का नाही, ते मले काय ठाऊक," तू म्हणालास. "मी नळीचं बोलून राहिलो."

बकाराम, ही दोन वाक्यं घेऊन मी दहा दिवस बसलो आहे. तू खरंच नुसतं नळीचं बोलत होतास? का तुला वाटलं होतं की मी आता चिमटा खाली ठेवायला सांगेन, तुला स्टुलावर बसवेन, दोन प्रश्न विचारेन? परीक्षा करायला मला नागपूरही लागत नव्हतं. कपाटात निळं औषध होतं. तुझ्या लघवीचे आठ थेंब त्यात टाकून दिव्यावर उकळलं असतं तर पाच मिनिटांत सगळं कळलं असतं. मी उठलो आणि लेखाचं पहिलं पान लिहायला गेलो. पहिल्याच ओळीत लिहिलं, निरोगी पुरुष, वय सुमारे पंचेचाळीस.

आणि दिसत काय कमी होतं? त्याच हिवाळ्यात तुझा पाण्याचा तुंबा अर्ध्या वाटेत रिकामा व्हायला लागला. तू स्टेशनच्या विहिरीवर तो भरायचास, परत येईपर्यंत पुन्हा रिकामा. भर थंडीत. मी म्हटलं होतं, तू एक दिवस तलाव आटवशील. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला तेव्हा मी वहिनींना विचारलं, की याला जेवायला घालता की नाही. त्या म्हणाल्या, दोघांचं एकटाच खातो. आपण तिघंही हसलो. ते हसू मला आता ऐकवत नाही.

नागपूरच्या माणसानं मात्र बघितलं होतं. तो कोण, मला माहीत नाही, खाली नुसती आद्याक्षरं असायची. पाचव्या की सहाव्या चिठ्ठीच्या तळाशी त्यानं पेन्सिलीनं एक ओळ लिहिली होती, 'हा रुग्ण कोण? उपचार चालू आहेत ना?' मी ती वाचून हसलो आणि लगेच उत्तर लिहिलं, 'रुग्ण कोणी नाही. नळीची परीक्षा चालू आहे.' पाकीट चिकटवून तुझ्या हातात दिलं. तू ते तुंब्यात, नळ्यांच्या शेजारी, तुसात खोचलंस आणि बांधावर चढलास. तुझ्यासाठी कोणीतरी लांबून हाक मारली होती आणि तिला मी दिलेलं उत्तर तूच छातीशी धरून घेऊन गेलास.

लेख पुरा झाला नाही. नागपूरकरांनी चूर्णातली खोट मान्य केली नाही, मी रुसलो, उरलेल्या चुन्याच्या नळ्या वरच्या फळीवर टाकल्या. तूही पुन्हा विषय काढला नाहीस. फक्त धूळ झाडताना ते खोकं पुसून जागच्या जागी ठेवायचास. त्यातल्या नळ्या मात्र कधी धुतल्या नाहीस.

यंदा धानकापणीच्या वेळी तुझ्या पायाला धसकट लागलं. केवढंसं, करंगळीच्या नखाएवढं. मी रोज पट्टी बदलायचो आणि रोज तुला बोलायचो, की तू चालतोस म्हणून ते भरत नाही. तू मुकाट्यानं ऐकायचास आणि नळ्या घेऊन निघायचास, कारण दुसऱ्या कोणाच्या हाती तुंबा द्यायला तू तयार नव्हतास. तीन आठवडे गेले. मग एका दुपारी भागरता वहिनी एकट्याच दवाखान्यात आल्या. तुझ्या नकळत आल्या होत्या. दाराशी उभं राहून, पदर दातात धरून त्या म्हणाल्या, "सायेब, परड्यात हे जिथं लघवीले बसतेत, तिथं मुंग्यायची रांग लागून राहते. असं कायले होत असन?"

त्या गेल्यावर मी तुला आत बोलावलं. निळं औषध काढलं, दिवा पेटवला. तू नळी धरलीस, कारण अशा वेळी नळी नेहमी तूच धरायचास. औषध आधी हिरवं झालं, मग पिवळं, आणि मग विटेच्या रंगाचं होऊन घट्ट बसलं. अशा रंगाच्या नळ्या आपण दोघांनी शेकडो रोग्यांच्या पाहिल्या होत्या. विटेचा रंग म्हणजे भरपूर साखर, हे मला सांगावं लागलं नाही.

मी कपाटातून जुन्या चिठ्ठ्या काढल्या. अ आणि ब एकमेकांत मिसळत होते. तू माझ्या हातातून त्या घेतल्यास आणि तारखेवार लावून दिल्यास. मी म्हटलं, बकाराम, मी तुझा गुन्हेगार आहे. मी खरंच तसं म्हणालो की मनातच म्हणालो, हे आता मला नक्की आठवत नाही. तू ब ची एक चिठ्ठी वर उचलून खिडकीकडे धरलीस आणि तुझ्या चेहऱ्यावर पुन्हा ते शिदोरीच्या दिवशीचं आलं. "मंग माही नळी खरीच निघाली," तू म्हणालास.

तुला आनंद झाला होता. मी त्या आनंदाचं काय करू, हे मला तू सांगून गेला नाहीस. तू मला शिव्या दिल्या असत्यास, वहिनींना घेऊन केशोरीला निघून गेला असतास, तर मी कुठेतरी उभा राहू शकलो असतो. तू वाद जिंकलास म्हणून खूश झालास आणि मग मला धीर देत बसलास.

इन्सुलिन मागवलं. नागपूरहून बर्फात निघालं आणि इथे कोमट पाण्यात पोहोचलं. तरी दिलं. चार दिवस तुझी तहान कमी झाली, तू उठून बसलास, चुलीवरच्या झिंग्यांचा वास येतो म्हणालास. पण पाय काळा पडत चालला होता. गोंदियाला नेऊ, नागपूरला नेऊ, पाय कापू, असं मी म्हणत राहिलो. तू मान हलवलीस. पाय कापल्यावर नळ्या कोण नेणार, हे तू विचारलंस आणि ते तू थट्टेनं विचारलं नव्हतंस.

शेवटच्या सकाळच्या आदल्या दिवशी तूच म्हणालास की रक्त घ्या, दोन्ही नळ्यांत घ्या. कशाला, म्हटलं. तू फळीवरच्या खोक्याकडे बोट केलंस. मी खोकं उतरवलं, एक चुन्याची नळी काढली, एक साधी घेतली. तुझी शीर मिळायला वेळ लागला. या वेळी मी अ आणि ब लिहिलं नाही. दोन्हींवर तुझं नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. तू ते वाचलंस आणि म्हणालास, अक्षर चांगलं आहे.

उजाडताना तुंबा मी गळ्यात घातला. तूस वहिनींनी भिजवून दिलं होतं. निघताना तू दवाखान्यातल्या खाटेवरून बघत होतास, म्हणून मी फडक्यावर दोन बोटांनी थोपटलं, तुला दिसेल असं. बांधावर धुकं होतं. बारा वर्षं मी त्या धुक्याकडे बाहेरून पाहिलं होतं, आत कधी गेलो नव्हतो. आत सगळं जवळ असतं, बकाराम. बदकांचं बोलणं कानाशी येतं, बांधाचं गवत पायाला ओलं लागतं, आणि छातीवर तुंब्याचा गारवा येत राहतो, आपल्याच आत कुठेतरी थंड पाणी साचतंय असा. हळू चालावं लागतं. कोणी न सांगता पाय हळू पडतात. मला वाटलं, तू माझ्यापुढे दहा पावलांवर चालतो आहेस आणि मी फक्त तुझ्या पावलावर पाऊल टाकायचं आहे. काही वेळ मला खरोखर खात्री होती की मागे खाटेवर कोणीच नाही.

नळ्या गाडीत दिल्या. परत आलो तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर माणसं बसली होती. वहिनी आत होत्या. त्या रडत नव्हत्या. त्यांनी माझ्या गळ्यातला रिकामा तुंबा काढून घेतला आणि हातात धरून उभ्या राहिल्या. "तुमी त तवा हिवाळाभर ह्यायचं रगत पाहत होते ना, सायेब," त्या म्हणाल्या. "मंग तुमाले दिसलं काऊन नाही?"

वहिनी उत्तराची वाट पाहत नव्हत्या. पण तुला द्यायला हवं. मी नळीकडे पाहत होतो, बकाराम. माणूस मला ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त भरवसा होता त्यालाच तपासायचं माझ्या मनात आलं नाही. तू बारा वर्षं माझ्याजवळ होतास म्हणून मला दिसला नाहीस. परका रोगी असतास तर वाचला असतास.

आता चिठ्ठी. चुन्याच्या नळीतला आकडा वाचवत नाही इतका मोठा आहे. दीड दिवसाच्या वाटेत त्यातली शिदोरी कोणी खाल्ली नाही. जेवढी तू बांधून दिलीस तेवढीच पोहोचली. रक्त फुटलेलं नाही असंही लिहिलं आहे, म्हणजे मी बरा चाललो. आणि साध्या नळीतला आकडा पुन्हा तसाच, निरोगी माणसाला शोभणारा. साध्या नळीत तू अजून ठणठणीत आहेस.

खाली त्याच माणसाची आद्याक्षरं आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या त्याच्या पेन्सिलीच्या ओळीला मी खोटं उत्तर दिलं होतं. आज दुसरं लिहिलं. 'आपण विचारलं होतं, हा रुग्ण कोण. हा आमचा कंपाउंडर बकाराम. उपचार केले नाहीत. चूर्णाच्या नळीत खोट नव्हती. कृपया आणखी एक खोकं पाठवावं.'

टपालवाला दुपारी पुन्हा येईल आणि पत्र त्याच्या थैलीत टाकता येईल. पण तलावावरून वहिनी परत आल्या आणि त्यांनी काही न विचारता तुंब्यात ओलं तूस भरून दिलं. मी पत्र कोरड्या फडक्यात गुंडाळून वर ठेवलं आहे. बांधावरून चालतच जातो.